वाचकांचे प्रश्न: बिलिंग लायब्ररी बदलताना आधी जुना ग्राहक सांभाळा

प्रश्न : ताई, नमस्कार. तलाठी आणि पोलीस भरतीच्या सराव परीक्षांचं माझं एक अँड्रॉइड ॲप आहे. पहिले काही संच मोफत आहेत, एकदाच १४९ रुपये भरले की बाकीचे कायमचे खुले होतात. सगळं काम मी एकटाच बघतो. प्ले बिलिंग लायब्ररी, म्हणजे ॲपमधून पैसे घ्यायला गूगल देतं तो तयार कोड, अजून ५ व्या आवृत्तीवर आहे. नवे प्रश्न घालून अपडेट चढवायला गेलो तर प्ले कन्सोल (गूगल प्लेवर ॲप चढवायची साइट) घेतच नाही. ग्रेडलमध्ये (ॲपला कुठल्या लायब्ररी लागतात ते लिहायच्या फाइलमध्ये) ५ च्या जागी ८ लिहिलं तर कोडभर लाल रेघा आल्या. मित्र म्हणतो, ७ वर जा, त्रास कमी होईल. आणि मला भीती वाटते ती अशी की, ज्यांनी आधी पैसे भरलेत त्यांचे संच बंद पडतील का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : तुमची भीती आधी घेते, बाकीच्या लाल रेघा नंतर.

खरेदीची नोंद तुमच्या ॲपमध्ये नसते आणि लायब्ररीतही नसते. ती प्लेकडे, ग्राहकाच्या गूगल खात्यावर असते आणि तुमच्या ॲपच्या पॅकेज नावाला व प्रॉडक्ट आयडीला बांधलेली असते. हे दोन्ही तसेच ठेवले तर लायब्ररी ५ वरून ८ वर नेली तरी नोंद जागची हलत नाही. नव्या आवृत्तीत ‘क्वेरीपर्चेसेसअसिंक’ने विचारलं की २०२२ साली केलेली खरेदीसुद्धा समोर येते.

पण एक गोष्ट आजच उघडून बघा. ‘कायमचे खुले’ ही खरेदी तुमच्या कोडमध्ये कुठे ‘कन्झ्यूम’, म्हणजे वापरून संपली असं प्लेला कळवून, टाकली तर जात नाही ना? कन्झ्यूम करायचं ते संपणाऱ्या वस्तूंसाठी, म्हणजे नाणी, गुण, जादा संधी यांसाठी. खूप जणांनी कुठलं तरी उदाहरण बघून एकदाच घ्यायच्या वस्तूलाही तेच लावलेलं असतं आणि ‘हा ग्राहक पैसे भरलेला आहे’ एवढी खूण फोनमध्ये ठेवलेली असते. फोन बदलला की ती खूण गेली. मग अशी ॲपं ‘क्वेरीपर्चेसहिस्टरीअसिंक’ वापरून जुनी खरेदी शोधून काढायची, कारण त्यात कन्झ्यूम झालेली शेवटची खरेदीही दिसते. आवृत्ती ८ मधून ती सोय काढून टाकली आहे. तुमचं ॲप असं असेल तर मित्राचा सल्ला बरोबर ठरतो. आधी ७ वर एक अपडेट काढा, त्यात इतिहास वाचून प्रत्येक जुन्या ग्राहकाची नोंद स्वतःच्या सर्व्हरवर उतरवून घ्या, आणि मगच ८ कडे वळा. इतिहासात रद्द झालेली खरेदीही येते, तेव्हा नोंद उतरवताना ती चाळून घ्या.

तसं नसेल तर ७ वर थांबू नका. गूगल दरवर्षी नवी मोठी आवृत्ती आणतं आणि जुनीला साधारण दोन वर्षांची मुदत देतं. ७ आली मे २०२४ मध्ये, ८ आली जून २०२५ मध्ये. ३१ ऑगस्ट २०२५ नंतरच्या अपडेटना किमान ७ लागते आणि ३१ ऑगस्ट २०२६ नंतर किमान ८ लागेल. अर्ज केला तर दोन्ही वेळी त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपर्यंत मुदतवाढ. प्लेवर असलेलं तुमचं जुनं ॲप चालू राहतं, अडतं ते फक्त नवं अपडेट. पण भरतीच्या तयारीचं ॲप अपडेटशिवाय किती दिवस चालणार? एकाच दुरुस्तीसाठी दोनदा खोदकाम करू नका.

आता लाल रेघा. त्या दिसतात जास्त, कामं मोजकी आहेत. ‘एनेबलपेंडिंगपर्चेसेस’ला आता रिकामा कंस चालत नाही, त्यात ‘पेंडिंगपर्चेसेसपॅरम्स’ बांधून द्यावं लागतं आणि त्यावर ‘एनेबलवनटाइमप्रॉडक्ट्स’ सांगावं लागतं. उत्पादनांची माहिती मागितल्यावर पूर्वी थेट यादी यायची, आता एक निकाल येतो आणि त्याच्या पोटात दोन याद्या असतात, मिळालेल्या वस्तूंची आणि न मिळालेल्यांची. दुसरी यादी लॉगमध्ये जरूर लिहा. पूर्वी आयडीत एक अक्षर चुकलं तर ती वस्तू मुकाट्याने गायब व्हायची आणि माणूस रात्रभर शोधत बसायचा. ‘एसकेयूडिटेल्स’ कुठे उरलं असेल तर तिथे ‘प्रॉडक्टडिटेल्स’ आणा. शिवाय पेंडिंग, म्हणजे पैसे अजून न पोचलेल्या, खरेदीचा ऑर्डर आयडी आता ‘नल’ (रिकामा) येतो, तेव्हा तुमच्या तक्त्याची मुख्य किल्ली ऑर्डर आयडी असेल तर ती पर्चेस टोकनवर, म्हणजे प्ले प्रत्येक खरेदीला देतं त्या खुणेवर, न्या. आणि ‘एनेबलऑटोसर्व्हिसरिकनेक्शन’ चालू करा. कनेक्शन तुटलं की परत जोडायचा जो कोड प्रत्येकाने हाताने लिहिलाय, तो त्यामुळे बहुतेक काढून टाकता येतो.

रेघा गेल्या, बिल्ड झालं, म्हणून काम संपलं असं धरू नका. खरी जागा पुढे आहे आणि तिथे कंपायलर तुम्हाला काहीच सांगत नाही.

एक मुलगी रात्री अभ्यास करताना तुमचे संच घेते. यूपीआय निवडते, पिन टाकते, बँकेकडून उत्तर यायला वेळ लागतो. तुमच्या ॲपला खरेदी ‘पेंडिंग’ म्हणून कळते. ती वैतागून ॲप बंद करते. थोड्या वेळाने पैसे खात्यातून जातात, प्लेकडे खरेदी ‘पर्चेस्ड’ होते. पण ती बातमी ऐकायला तुमचं ॲप चालूच नाही. दुसऱ्या दिवशी ती ॲप उघडते. इथे तुमच्या कोडने प्लेला पुन्हा विचारलं नाही, तर संच बंदच दिसतात. एवढ्यावरही थांबत नाही. खरेदी पूर्ण झाल्यापासून ३ दिवसांत तुमच्या ॲपने किंवा सर्व्हरने ती ‘ॲक्नॉलेज’ केली नाही, म्हणजे मिळाली असं प्लेला कळवलं नाही, तर गूगल पैसे आपोआप परत करतं आणि खरेदी रद्द करतं. पैसे गेले, संच मिळाले नाहीत, मग पैसे परत आले, तोवर परीक्षेचा आठवडा उलटला. ती मुलगी तुमच्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही, आणि तिचं बरोबरच आहे.

म्हणून ‘क्वेरीपर्चेसेसअसिंक’ची हाक ‘ऑनरिझ्यूम’मध्ये, म्हणजे ॲप पडद्यावर पुढे आलं की चालणाऱ्या कोडमध्ये, हवी. नुसतं ॲप सुरू होताना विचारणं पुरत नाही, कारण माणूस यूपीआयच्या ॲपमध्ये जाऊन परत येतो तेव्हा तुमचं ॲप नव्याने सुरू होत नाही, फक्त पुढे येतं. स्थिती पेंडिंग असेल तर संच उघडू नका, पण ‘पैसे पोचायची वाट बघतोय’ असं मराठीत स्पष्ट लिहा. स्थिती पर्चेस्ड असेल तर आधी टोकन तपासा, संच उघडा, आणि ‘इजॲक्नॉलेज्ड’ खोटं असेल तर लगेच ॲक्नॉलेज करा. ३ दिवस मोजायला सुरुवात होते ती पेंडिंगची पर्चेस्ड झाल्यावर, तेव्हा पेंडिंगमध्ये घाई करून काही मिळत नाही.

तपासायला स्वतःचे १४९ रुपये घालू नका. प्ले कन्सोलमध्ये लायसन्स टेस्टिंगच्या यादीत तुमचा ईमेल घाला. पैसे भरायच्या खिडकीत मग चाचणीची कार्डं दिसतील: एक नेहमी मंजूर होणारं, एक नेहमी नाकारलं जाणारं, आणि काही मिनिटांनी मंजूर किंवा नामंजूर होणारी संथ कार्डं. तुमच्या कामाचं आहे ते संथ कार्ड. ते निवडा, खरेदी करा, ॲप अलीकडच्या यादीतून सरकवून बंद करा, चहा घेऊन या, ॲप उघडा. संच खुले झाले पाहिजेत. चाचणी खात्याला ॲक्नॉलेजसाठी ३ दिवसांऐवजी ३ मिनिटंच मिळतात, त्यामुळे तुमचा कोड विसरला असेल तर खरेदी डोळ्यांसमोर परत जाते. आणखी एक तपासणी अशी, की जुन्या आवृत्तीत खरेदी केलेला फोन घ्या, ॲप काढून न टाकता त्यावरच नवी आवृत्ती चढवा. बहुतेक जण फक्त कोऱ्या फोनवर बघतात. तुमचे ग्राहक कोऱ्या फोनवर नाहीत.

मग स्टेज्ड रोलआउट ठेवा, आधी थोड्या टक्क्यांना सोडा. भरतीची जाहिरात निघालेल्या आठवड्यात हे काम अजिबात करू नका.

प्रश्न : माझं लहान मुलांच्या गोष्टी ऐकवायचं ॲप आहे, महिना ९९ रुपये, पहिला आठवडा मोफत. नव्या लायब्ररीवर आणल्यापासून पालक कळवतात की किमतीच्या जागी ‘मोफत / महिना’ असं दिसतं. माझ्या फोनवर बरोबर ९९ दिसतात. पुढच्या आठवड्यात पैसे कापले की हे लोक मला फसवी म्हणतील. चूक सापडत नाहीये.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुमच्या फोनवर बरोबर दिसतंय यातच उत्तर आहे. तुमचा मोफत आठवडा केव्हाच वापरून झालाय. नव्या ग्राहकांसाठी ठेवलेली ती ऑफर प्ले तुमच्या खात्याला आता पाठवतच नाही. नव्या पालकांना पाठवतं.

२०२२ च्या आवृत्ती ५ पासून एका सबस्क्रिप्शनला एकच किंमत राहिली नाही. सबस्क्रिप्शनखाली बेस प्लॅन (मूळ दर आणि मुदत), त्याखाली ऑफर, आणि प्रत्येक नोंदीत किमतीचे टप्पे. नव्या पालकाच्या नोंदीत पहिला टप्पा एका आठवड्याचा, किंमत शून्य. दुसरा टप्पा महिन्याचा, ९९ रुपये, आपोआप चालू राहणारा. तुमचा कोड यादीतली पहिली नोंद आणि तिचा पहिला टप्पा उचलतोय, म्हणून शून्य दिसतं.

क्रमांकावर विसंबू नका. टप्प्याचा ‘रिकरन्समोड’ बघा आणि जो अमर्याद चालणारा आहे त्याची किंमत मुख्य म्हणून दाखवा. आधी शून्याचा टप्पा असेल तर त्याचा काळ वाचून वाक्य बनवा: ‘पहिला आठवडा मोफत, त्यानंतर दरमहा ₹९९, कधीही बंद करता येईल.’ हे सगळं एकाच अक्षरात, एकाच आकारात लिहा. ९९ खाली बारीक करड्या अक्षरात ढकलू नका. आणि खरेदी सुरू करताना त्याच नोंदीचं ऑफर टोकन द्या, नाहीतर दाखवलं एक आणि विकलं दुसरं असं होईल.

रक्कम स्वतः ‘₹’ जोडून लिहू नका, प्लेने दिलेली ‘फॉरमॅटेडप्राइस’ जशीच्या तशी वापरा. दुबईतली आई मुलांसाठी तुमच्या गोष्टी घेईल तेव्हा तिला दिरहम दिसले पाहिजेत. हिशेबासाठी मायक्रो एककातली रक्कम असते, ९९ रुपये म्हणजे ९,९०,००,०००. ती दहा लाखांनी भागायची.

ज्यांनी ‘मोफत / महिना’ बघून घेतलंय, त्यांना पैसे कापले जाण्याआधी ॲपमध्ये सूचना दाखवा. ज्यांना नको असेल त्यांना रद्द करायची जागा त्याच सूचनेत द्या.

प्रश्न : मी ॲप बनवत नाही, वापरतो. पंचांगाच्या एका ॲपमधल्या जाहिराती बंद करायला मी काही वर्षांपूर्वी पैसे भरले होते. मागच्या अपडेटनंतर जाहिराती परत आल्या. पुन्हा पैसे भरायचे का?
— एक ज्येष्ठ वाचक, नागपूर

उत्तर : काका, पुन्हा एक रुपया भरू नका. तुमची खरेदी बहुधा शाबूत आहे, ॲप ती नीट विचारत नाहीये. प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे तुमच्या चित्रावर दाबा आणि ज्या ईमेलने पैसे भरले होते तोच निवडलेला आहे ना ते बघा. फोनमध्ये मुलाचंही खातं असेल तर इथेच घोळ असतो. मग ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये ‘बजेट अँड हिस्टरी’त जुनी खरेदी शोधा. खरेदीच्या वेळी आलेल्या ईमेलमध्ये जीपीए अक्षरांनी सुरू होणारा ऑर्डर क्रमांक असतो. ॲपमध्ये ‘रिस्टोअर’ बटण असेल तर ते दाबा. नाही जमलं तर प्लेवर त्या ॲपच्या पानावर बनवणाऱ्याचा ईमेल असतो, त्यावर तो क्रमांक पाठवा. त्याला त्यावरून तुमची खरेदी सापडते. कार्डाचे आकडे किंवा पिन कुणी मागितला तर देऊ नका, त्या कामाला तो लागत नाही.

प्रश्न : आमचं ॲप फ्लटरमध्ये (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोनची ॲपं बनवायच्या साधनात) आहे. ग्रेडलमध्ये बिलिंग लायब्ररी कुठेच लिहिलेली नाही, तरी कन्सोल म्हणतं जुनी आवृत्ती आहे. आकडा जबरदस्तीने ८ करता येईल का?
— दोन मित्र, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ती एखाद्या प्लगिनच्या, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेल्या तयार जोडकोडाच्या, आतून येते. अँड्रॉइडच्या फोल्डरमध्ये ग्रेडलची डिपेंडन्सीची यादी काढा आणि त्यात ‘बिलिंगक्लायंट’ शोधा, कोण आणतंय ते वरच्या ओळीत दिसेल. खरेदीचा प्लगिन नवा असूनही दुसराच एखादा जुना प्लगिन ती ओढत असतो, असंही होतं. जबरदस्ती करू नका. जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या प्लगिनखाली ८ बसवली तर बिल्ड होईल, पण काढून टाकलेली पद्धत तो हाक मारेल तेव्हा ॲप कोसळेल, आणि ते होईल नेमकं ग्राहकाने ‘खरेदी करा’ दाबल्यावर. प्लगिनची नवी आवृत्ती घ्या. त्याच्या कर्त्याने तो सोडून दिला असेल तर चालता प्लगिन निवडा आणि खरेदीचा भाग त्यावर नव्याने लिहा. तासगावच्या वाचकांना सांगितलेली संथ कार्डाची चाचणी तुम्हालाही करावीच लागेल.