लेकराला रोल कोण देणार?

प्रश्न : माझं लेकरू वीस वर्षांचं. कॉलेजच्या एकांकिकांत काम करतं. मी मुलगा नाही अन् मुलगीही नाही, असं त्यानं घरात सांगितलं. एशिया केट डिलन या अमेरिकन कलाकाराच्या मुलाखती मला दाखवतं अन् म्हणतं, मीही सिरियलमध्ये जाणार. त्याचे बाबा बोलेनासे झालेत. मला राग नाही, धास्ती आहे. अशा लेकराला रोल कोण देणार?
— एक आई, महाल, नागपूर

उत्तर : ताई, डिलन यांचं नाव जगभर झालं ते २०१७ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. त्याआधी नाटकं आणि छोटे रोल होते, हे लेकराला आवर्जून सांगा. 'बिलियन्स' मालिकेतलं टेलर मेसन हे ना पुरुष ना स्त्री असं पात्र त्यांनी केलं. त्या पात्राचं वर्णन वाचताना स्वतःची ओळख सापडली आणि रडू आलं, असं डिलन यांनीच सांगितलंय. टेलर आकड्यांत तरबेज. बॉसपुढे स्वतःची ओळख करून दिल्यावर बॉस क्षणभर थांबतो आणि थेट कामाचं विचारतो. तो प्रसंग तुम्ही पाहाच. टेलरचा तिथे टिकाव लागतो तो हुशारीच्या जोरावर, म्हणून मला तो प्रसंग फार आवडतो.

त्याच वर्षी अमेरिकन टीव्हीच्या एमी पुरस्कारांच्या वेळी, नट आणि नटी असे वेगळे गट कशाच्या आधारावर, असं डिलन यांनी ते पुरस्कार देणाऱ्या अकादमीला पत्र लिहून विचारलं. हवा तो गट घ्या, असं उत्तर आलं. आपल्या राज्य नाट्य स्पर्धेतही अभिनयाची रौप्यपदकं पुरुष आणि स्त्री अशीच दिली जातात. तुमच्या लेकराला हा प्रश्न मुंबईच्या आधी इथेच भेटेल.

आता रोलचं. आपल्या मालिका सासू, सून, दीर, नणंद यांच्यावर चालतात. असं पात्र तिथे क्वचितच लिहिलं जातं, हे तुमच्यापासून लपवणार नाही. म्हणून मुंबईचं तिकीट काढायच्या आधी झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकवेड्या पट्ट्यात, एक हंगाम काढू द्या. दिवाळी झाली की वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात. रात्र रात्र प्रयोग चालतो, आवाज पार शेवटच्या माणसापर्यंत जावा लागतो. पूर्वी तिथे बायकांच्या भूमिका पुरुषच करत. म्हणून आज सगळं सोपं असेल असं नाही, पण एवढी तालीम दुसरीकडे मिळत नाही.

मी सीताबर्डीत तालमी घेते. अशी लेकरं संवादात अडत नाहीत, ग्रीनरूमच्या दाराशी अडतात. कपडे बदलायचे कुठे? मी विंगेमागे जाड चादर बांधून एक कोपरा करून देते, तिथे कुणी डोकवायचं नाही. तुमच्या दिग्दर्शकाशी हे पहिल्याच दिवशी बोला. लेकराला काय म्हणून हाक मारायची, तेही तेव्हाच ठरू द्या.

बाबांना समजवायला बसू नका, एकांकिकेचा पास हातात द्या. कायद्याचं विचारलंच तर सांगा, माणसाची लिंगओळख त्यानं स्वतः ठरवायची, हा हक्क सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ च्या निकालात मान्य केलाय.

आणि एक. ऑडिशनसाठी कुणी पैसे मागितले, की लेकरानं तिथून उठून यायचं. रोल कितीही मोठा सांगो.