सोलापुरातल्या शाळेत नववीच्या मुलांचं ‘अँटिगनी’ बसवतोय. व्यावसायिक नाटकवाल्यांची मदत नेमकी कशासाठी घ्यावी?

अभिनय शिकवायला त्यांना बोलावू नका. नट वाक्य म्हणून दाखवतो, मुलं तीच चाल घोकतात आणि प्रयोगात सगळी एकाच माणसासारखी बोलतात. वाक्याचा अर्थ मुलांनी शिक्षकांबरोबर बसून लावावा. नाटकवाल्यांचे तास काटछाट, आवाज, कोरसच्या (एकत्र बोलणाऱ्या-गाणाऱ्या समूहाच्या) हालचाली आणि प्रकाशयोजनेसाठी राखा.

प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लिसचं मूळ नाटक साधारण 1350 ओळींचं. ते 50 मिनिटांवर आणा. कोरसची गाणी निम्मी करा. पहारेकऱ्याचा प्रवेश ठेवा, तिथला हशा हक्काचा आहे. दूताच्या निवेदनाला मात्र कात्री नको. मृत्यू सगळे पडद्याआड होतात, त्यामुळे शोकांतिका त्या एका पोराच्या तोंडून घडते. ते ऐकून राजा क्रेऑनची बायको युरिडिसी एक शब्दही न बोलता आत जाते. मुली इथे हमखास विंगेत पळतात. दूत थांबला की मनात चार आकडे मोजायचे, मग वळायचं. ती दिसेनाशी होईपर्यंत कोरसची नजर तिच्यावरच हवी.

क्रेऑन मुलाचं प्रेत घेऊन येतो तेव्हा प्रेक्षक हसतात, कारण उचललेलं पोर हातातून घसरायला लागतं. त्याऐवजी हातांवर तीन मीटर मांजरपाटाची गुंडाळी द्या. या वयात मुलांचा आवाज फुटत असतो, म्हणून क्रेऑनला ओरडायला लावू नका, घसा बसेल. त्याचा राग सावकाश बोलण्यातून जास्त टोचतो. भूमिका मुलीला दिली तरी चालेल.

घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुलं असणारच. त्यांचे उच्चार पुणेरी करण्याचा हट्ट कुणी धरला तर थांबवा. वाक्याचं शेवटचं अक्षर गिळलं जात नाही ना, एवढंच बघा. हॉलचे पंखे बंद करून आणि चालू ठेवून, दोन्ही प्रकारे तालीम घ्या.

दिव्यांचा हिशेब आधी करा. 1000 वॉटचा हॅलोजन पार (रंगमंचावरचा दिवा) 230 व्होल्टवर सव्वाचार अँपिअरच्या वर ओढतो. 16 अँपिअरच्या सॉकेटवर तीन लावता येतात. चौथा लावलात तर ऐन प्रवेशात एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारं बटण) पडू शकतं. एलईडी पार भाड्याने मिळाले तर हा प्रश्नच उरत नाही.

कपड्यांसाठी कुणीतरी सोलापुरी चादर सुचवणारच. दिव्यांखाली ती जड होते आणि नक्षी चेहऱ्यांवरून लक्ष काढून घेते. कोरसलाही साधा मांजरपाटच द्या.

दिवाळीनंतर आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा दीड तास तालीम पुरते. गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत रंगीत तालीम ठेवू नका, निम्मी मुलं नंदीध्वजांच्या मिरवणुकीला असतात.

हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात तिकीट लावून प्रयोग करणार असाल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आधी काढा. सोफोक्लिसची परवानगी लागत नाही, पण मराठी अनुवादकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. तेव्हा अनुवादकाकडून किंवा त्याच्या वारसांकडून लेखी परवानगी घ्या, काटछाटीचा उल्लेख करूनच.