यादी बरोबर शंभरावरच का थांबते?

प्रश्न : नमस्कार सर, मी उद्यमबागमधल्या एका फाउंड्रीत आयटी बघतो. आमच्या सगळ्या स्टाफची खाती मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा आयडीत (लॉगिनची खाती सांभाळणारी सेवा) आहेत आणि एचआरला ती यादी रोज सकाळी एसक्यूएल डेटाबेसच्या टेबलात पाहिजे. अ‍ॅझ्युअर डेटा फॅक्टरी (डेटा इकडून तिकडं नेणारी मायक्रोसॉफ्टची सेवा) आमच्याकडे आधीपासनं आहे, बिलिंगचा डेटा त्यातनंच जातो, म्हणून त्यातच रेस्ट कनेक्टर (वेबच्या पत्त्यावरनं डेटा मागवणारा जोड) लावून पाइपलाइन, म्हणजे रोज आपोआप चालणारं काम, केली. हिरवी टिक आली, मी खूश, एचआरच्या मॅडमना फोन पण करून टाकला. मग टेबल उघडून बघतोय तर बरोबर १०० माणसं! आम्ही साडेसहाशे आहोत. डिपार्टमेंटचा कॉलम सगळा रिकामा, एन्ट्रात मात्र भरलेला दिसतोय. आणि काही जणांच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. कुठं चुकतंय सांगा की.
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : नव्याण्णव नाही, एकशे एक नाही, बरोबर शंभर, हे वाचलं तिथंच अर्धं उत्तर मिळालं. हा बिघाड नाहीच. एन्ट्रा आयडी (२०२३ पर्यंत ज्याला आपण अ‍ॅझ्युअर एडी म्हणायचो तेच हे) बाहेरच्या कुणाशी थेट बोलत नाही, मध्ये मायक्रोसॉफ्ट ग्राफ नावाचं दार आहे, आणि त्या दारात तुम्ही युजर्स मागितले की तो एका वेळी शंभरच देतो आणि खाली पुढच्या पानाचा पत्ता लिहून ठेवतो. जुन्या पत्रांच्या तळाला कृ.मा.प. लिहिलेलं असायचं, आठवतंय? तसंच. तुमच्या पाइपलाइननं पान उलटलंच नाही, आणि तिला कुणी उलटायला सांगितलं नव्हतं त्यामुळं तिच्या दृष्टीनं काम पूर्ण झालं, म्हणून हिरवी टिक.

पाइपलाइनमधली डेटा उचलून ठेवणारी पायरी म्हणजे कॉपी ॲक्टिव्हिटी, तिच्या सोर्समध्ये पेजिनेशन रूल्स (पान उलटायचे नियम) म्हणून जागा आहे, तिथं ॲब्सोल्यूट यूआरएल हा नियम घ्या आणि त्याला उत्तरातल्या नेक्स्टलिंककडे बोट दाखवा. एक गंमत, त्या फील्डचं पूर्ण नाव ‘ॲट ओडेटा डॉट नेक्स्टलिंक’ आहे, नावातच टिंब, त्यामुळं डॉलर टिंब करून सरळ लिहिलंत तर फॅक्टरीला ते सापडत नाही, डॉलरनंतर चौकोनी कंस आणि त्यात सिंगल कोटमध्ये अख्खं नाव द्यायचं. मी यात एकदा अख्खी दुपार घालवलीय. पत्त्यात टॉप ९९९ असं लिहून एका पानात ९९९ पर्यंत माणसं मागवता येतात, त्याच्या पुढं नाही, आणि तुमचे साडेसहाशे त्यात मावतील पण, तरी पेजिनेशन लावाच कारण उद्या दुसरं युनिट आलं आणि आकडा हजारावर गेला तर तेव्हा तुम्ही तिथं असाल की नाही कुणास ठाऊक.

डिपार्टमेंट रिकामं का? कारण मागितलंच नाही. ग्राफ स्वतःहून नाव, आडनाव, मेल, मोबाइल, हुद्दा, ऑफिसची जागा अशी अकराएक फील्डं देतो, त्यात डिपार्टमेंट नाही, एम्प्लॉयी आयडी नाही, आणि खातं चालू की बंद हे सांगणारं अकाउंट एनेबल्ड पण नाही. पत्त्यात सिलेक्ट असं लिहून त्यात एकेक फील्ड नाव घेऊन मागायचं. पण एकदा सिलेक्ट लिहिलं की फक्त तेवढंच येतं, म्हणून आयडी, डिस्प्ले नेम, मेल हे पण त्यातच लिहा. त्यानंतर मॅपिंगच्या (कुठलं फील्ड कुठल्या कॉलममध्ये जाणार ते ठरवायच्या) टॅबमध्ये जाऊन स्कीमा (फील्डांची यादी) परत इम्पोर्ट करा, कारण जुन्या मॅपिंगला नवा कॉलम माहीतच नसतो, आणि तिथं कलेक्शन रेफरन्स (ओळी कुठनं घ्यायच्या ते) व्हॅल्यू नावाच्या ॲरेवर, म्हणजे माणसांच्या यादीवर, आहे ना तेवढं बघा.

टेबलाची किल्ली (ज्यावरनं प्रत्येक ओळ ओळखायची तो कॉलम) म्हणून काय ठेवलंय तुम्ही? ईमेल असेल तर आजच बदला. लग्नानंतर आडनाव बदललं, मेल बदलला, की तुमच्या टेबलात एकाच बाईच्या दोन बाया होतात. ग्राफचा आयडी त्या खात्याला जन्मभर तोच राहतो, दिसायला भयानक आहे पण किल्ली तीच.

आता प्रश्नचिन्हं. ही खास आपल्याकडची भानगड. ज्यांनी डिस्प्ले नेम कन्नडात किंवा मराठीत लिहिलंय त्यांचीच नावं गेली असणार, बघा एकदा. कॉलम व्हारचार (साध्या इंग्रजी अक्षरांचा प्रकार) केलाय तुम्ही, तो एनव्हारचार (सगळ्या लिप्यांचा) पाहिजे. आणि एकदा प्रश्नचिन्ह होऊन बसलं की त्यातनं मूळ अक्षर परत काढता येत नाही, कॉलम बदलून यादी नव्यानं भरायची. जाता जाता शहराचा कॉलम पण बघून घ्या, २०१४ च्या १ नोव्हेंबरला सरकारी नाव बेळगावी झालं, त्यामुळं कुणी बेळगाव, कुणी बेळगावी, कुणी इंग्रजी जुनं स्पेलिंग, कुणी नवं, असं चार तऱ्हेनं भरलेलं असतं आणि एचआरचा रिपोर्ट एकाच गावाची चार गावं दाखवतो. हे पाइपलाइनमध्ये दुरुस्त करू नका, एन्ट्रातच करा, नाहीतर जन्मभर दोन्हीकडं सांभाळत बसाल.

तुम्ही विचारलं नाही पण मी विचारतो, पाइपलाइनला ग्राफची परमिशन कुठली दिलीय? वाचायचंच काम आहे तर युजर डॉट रीड डॉट ऑल पुष्कळ झालं. काही चालेना की लोक वैतागून डिरेक्टरी डॉट रीड राइट डॉट ऑल (वाचायची आणि बदलायची पण परवानगी) देऊन मोकळे होतात. म्हणजे पेपर टाकणाऱ्या पोराला घराची किल्ली द्यायची.

प्रश्न : माझ्याकडं कनेक्शनच होत नाही. टेनंट आयडी (कंपनीचा नंबर), क्लायंट आयडी (ॲपचा नंबर), सिक्रेट (ॲपचा पासवर्ड) तिन्ही दहा वेळा तपासलं, तरी एएडीएसटीएस ७०००२१५, क्लायंट सिक्रेट चुकीचं आहे म्हणतोय.
— निपाणीहून

उत्तर : सिक्रेट केल्यावर तिथं दोन कॉलम दिसतात, एक व्हॅल्यू आणि एक सिक्रेट आयडी. तुम्ही आयडी कॉपी केलाय, पैजेवर सांगतो. पाहिजे ती व्हॅल्यू, आणि ती केल्या केल्या एकदाच दिसते, पान सोडून गेलात की कायमची झाकली जाते. जुनं काढा, नवं करा, लगेच कॉपी करून की व्हॉल्टमध्ये (पासवर्ड ठेवायची मायक्रोसॉफ्टची तिजोरी) ठेवा, व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवू नका.

आणि त्याची तारीख लिहून ठेवा. पोर्टलवरनं केलेलं सिक्रेट जास्तीत जास्त २४ महिने चालतं. माझ्या ओळखीच्या एका ऑफिसात सिक्रेट संपलं, पाइपलाइन रोज रात्री फेल व्हायची, अलर्टचे मेल जायचे ते नोकरी सोडून गेलेल्या पोराच्या मेलबॉक्समध्ये, आणि टेबलात जुनी यादी छान दिसत होती म्हणून कुणाला शंका पण आली नाही. फॅक्टरी वापरत असाल तर मॅनेज्ड आयडेंटिटी (फॅक्टरीला मिळणारी स्वतःची ओळख) घ्या, त्यात सिक्रेटच नसतं. फक्त तिला ग्राफची परमिशन द्यायला पोर्टलवर बटण नाही, पॉवरशेलनं (कमांड लिहून) द्यावी लागते, तेवढा अर्धा तास त्रास.

प्रश्न : कनेक्शन झालं, पण ४०३ येतोय, अधिकार नाहीत म्हणून. युजर डॉट रीड डॉट ऑलला टिक केलेली आहे हो!
— खानापूरहून

उत्तर : त्या नावाची परमिशन दोन ठिकाणी आहे. डेलिगेटेडमध्ये आहे आणि ॲप्लिकेशनमध्ये आहे. डेलिगेटेड म्हणजे कुणीतरी माणूस लॉगिन करून बसलाय आणि ॲप त्याच्या वतीनं काम करतंय. पहाटे चारला तुमच्या पाइपलाइनपुढं कोण बसलेलं असतं? म्हणून ॲप्लिकेशनवाली पाहिजे. ती असेल तर मग ॲडमिन कन्सेंट (ॲडमिनची मंजुरी) राहिलाय, मंजुरीची हिरवी खूण दिसेपर्यंत नुसत्या टिकेला अर्थ नाही, आणि ते बटण तुमच्या हातात नसेल तर ॲडमिनला चहा पाजा.

प्रश्न : आमच्या क्रेडिट सोसायटीत नोकरी सोडून गेलेले लोक टेबलात तसेच दिसतात. एन्ट्रातनं काढलेत तरी. असं का?
— एक ताई, चिकोडी

उत्तर : ताई, तुमची पाइपलाइन आलेल्याला लिहिते, न आलेल्याला पुसत नाही. खातं डिलीट केलं की ते ३० दिवस कचरापेटीत असतं, साध्या यादीत येतच नाही, आणि जे आलंच नाही त्याच्याबद्दल टेबल बिचारं काय करणार. नुसतं बंद केलेलं खातं मात्र यादीत येतं, ते ओळखायला अकाउंट एनेबल्ड मागवा, वर सांगितलंय तसं.

यासाठी ग्राफमध्ये डेल्टा नावाची सोय आहे, पहिल्यांदा सगळी यादी आणि त्यानंतर फक्त बदललेलं, त्यात गेलेल्या माणसावर रिमूव्ह्डचा शिक्का असतो. पण त्याचं टोकन (कुठवर वाचलं त्याची खूण) सांभाळून ठेवावं लागतं आणि सात दिवसांनी ते शिळं होतं, म्हणजे गणपतीत पाइपलाइन बंद ठेवलीत तर विसर्जनानंतर परत पहिल्यापासून. तुमच्या दोन-तीनशे माणसांसाठी एवढा खटाटोप नको. रोज पूर्ण यादी एका वेगळ्या टेबलात उतरवा, मुख्य टेबलाशी आयडी ताडून बघा, आज जो आयडी नाही त्याच्यापुढं ‘गेले’ आणि तारीख लिहा, ओळ काढू नका, ऑडिटवाले विचारतात.

फक्त त्याच्या आधी एक काम. आलेली माणसं मोजा. उद्यमबागच्या वाचकासारखी तुमची यादी शंभरावर अडकली तर बाकी सगळ्यांनी एका रात्रीत राजीनामा दिला असं टेबल म्हणेल. म्हणून कालच्यापेक्षा पाचांहून जास्त कमी दिसले तर पाइपलाइन तिथंच थांबू दे, आणि मेल तुम्हाला येऊ दे.