कॅलिफोर्निया बेट म्हणून दाखवलेला १६५० च्या आसपासचा नकाशा खरा आहे की नंतरची कॉपी, घ्यायच्या आधी कसं ओळखायचं?

फोटोवरून ठरवू नका, नकाशा हातात घेऊन दहापट भिंगाखाली बघा आणि मग उजेडासमोर धरा, बहुतेक वेळा तिथेच कळतं. रेघा, रंग बारीक ठिपक्या-ठिपक्यांचे दिसले तर ती आधुनिक छपाई, विषय संपला. त्या काळचे हे नकाशे तांब्याच्या पत्र्यावर कोरून, ओलसर कागदावर जोरात दाबून छापायचे, त्यामुळे चित्राच्या बाहेर चारी बाजूंनी पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन उमटतो, बोट फिरवलं की लागतो हाताला, फार छान वाटतं ते. उजेडात कागदात, कागद बनवायच्या साच्याच्या तारांच्या समांतर रेषा दिसायला हव्यात, कधी वॉटरमार्कही असतो. रेषा नसलेला एकसारखा कागद युरोपात १७५० च्या सुमारास आला, म्हणून १६५० चा सांगतायत आणि कागदात रेषा नाहीत तर सरळ नाही म्हणा. फक्त एक, कडा छाटलेल्या असतील तर तो चौकोन गेलेला असतो, तेवढ्यावरून नकली ठरवू नका. रंग मात्र बऱ्याचदा मागाहून भरलेला असतो, कधीचा आहे ते विचाराच कारण किंमत बदलते. स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे अशा ७०० हून जास्त बेटवाल्या नकाशांचा संग्रह आहे, ऑनलाइन बघता येतो, त्यातला तोच नकाशा उघडून एकेक रेघ जुळवा, विशेषतः बेटाचं उत्तर टोक, काहींत ते सपाट आहे, काहींत खाचाखाचांचं.