एआय नोकरी खाणार का? आधी हे बघ

टक्केवारीच्या याद्या वाचून झोप उडवून घेऊ नकोस, सुरुवातीला सगळेच त्यात अडकतात. २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बोर्न या संशोधकांनी अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्या संगणकीकरणामुळे जास्त धोक्यात असल्याचं मांडलं. २०१६ च्या ओईसीडीच्या (प्रामुख्याने विकसित देशांची संघटना) अभ्यासात तोच आकडा ९ टक्क्यांवर आला. कारण साधं: पहिल्यांनी अख्खा व्यवसाय मोजला, दुसऱ्यांनी त्यातली कामं.

तूही कामंच मोज. आठवडाभर काय काय करतोस ते लिहून काढ आणि प्रत्येकापुढे हे विचार:

- हे सगळं स्क्रीनवरच होतं का? नळदुरुस्तीवाल्यापेक्षा मजकूर लिहिणाऱ्याला झळ आधी लागते. (अंगमेहनतीची कामं आधी जातील, हा जुना अंदाज इथे सपशेल आपटला.)
- चूक झाली तर सही कोणाची, जबाब कोण देणार?

दुसरा प्रश्न लोक हमखास विसरतात. २०१६ मध्ये एआय संशोधक जेफ्री हिंटन म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट (एक्स-रे, स्कॅन वाचणारे डॉक्टर) घडवणं आता थांबवावं, ते काम एआयच करेल. रेडिओलॉजिस्ट आजही हवे आहेत. एक्स-रे वाचणं हा त्यांच्या कामाचा एक तुकडा. रुग्णाचा इतिहास बघणं, सर्जनशी बोलणं, रिपोर्टची जबाबदारी घेणं उरतंच.

आणखी एक चूक: 'पद टिकलं म्हणजे मी टिकलो' असं धरून चालणं. दहाजणांचं काम सहाजण करू लागले तरी पदाचं नाव तेच राहतं. बहुधा आधी नवशिक्यांची भरती आटते, म्हणून तुझ्या क्षेत्रात फ्रेशर्सच्या जाहिराती वाढतायत की घटतायत यावर नजर ठेव.

अर्थशास्त्राची मॉडेल्स नंतर बघू. आधी यादी करून आण.