श्रीलंकेतले ख्रिश्चन सिंहली असतात की तमिळ?

दोन्ही. सिंहली म्हणजे बौद्ध आणि तमिळ म्हणजे हिंदू हा ढोबळ हिशेब इथे फसतो. २०१२ च्या जनगणनेत ख्रिश्चन साधारण ७.६ टक्के होते, त्यात बहुसंख्य कॅथलिक. कोलंबोजवळच्या नेगोम्बोचे सिंहली मच्छीमारही कॅथलिक आणि वायव्य किनाऱ्यावरच्या मन्नारचे तमिळ मच्छीमारही.

मन्नारजवळच्या मडू माउलीच्या (म्हणजे मडू इथल्या मेरीमातेच्या) जत्रेला ऑगस्टमध्ये दोन्हीकडचे लोक जातात, प्रार्थनाही दोन्ही भाषांत होते. पण म्हणून सगळं गोडीगुलाबीचं होतं असं नाही. यादवी युद्धात धर्म एक असूनही माणसं बहुधा आपापल्या भाषेच्या बाजूनेच उभी राहिली. २००८ मध्ये लढाई दारात आली तेव्हा मडूची मूर्तीच हलवावी लागली होती.

आपल्याकडचा धागा म्हणजे गोव्याचे जोसेफ वाझ. डचांनी कॅथलिक पंथावर बंदी घातली असताना ते १६८७ मध्ये वेषांतर करून जाफन्यात उतरले. पुढे त्यांना आसरा दिला तो कँडीच्या बौद्ध राजाने! २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिलं.

२०१९ च्या ईस्टरला स्फोट झाले तेही दोन्हीकडे: कोलंबो-नेगोम्बोच्या कॅथलिक चर्चमध्ये आणि तमिळबहुल बट्टिकलोआच्या झायन चर्चमध्ये.