कलाकाराने स्वतःच्या अल्बमांची उतरंड लावली, तर ती आपण किती मानावी?

तुमचा प्रश्न मी असा समजतो. निपाणीत तुम्ही पाच-सहा मित्र नील यंग या कॅनडाच्या रॉक गायक-गीतकाराचे अल्बम वर्षवार ऐकत आहात. त्यांतल्या एकाने जुन्या मुलाखतींच्या आधारे दाखवून दिले की १९७३ चा 'टाइम फेड्स अवे' हा आपण केलेला सर्वांत वाईट अल्बम आहे, असे यंग स्वतःच म्हणत आला आहे. तुम्हाला मात्र नेमका तोच सर्वाधिक भिडला. आता गटात दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो की ज्याने गाणे केले, त्याच्याहून अधिक ते कोणाला कळणार? दुसरा म्हणतो की रेकॉर्ड बाजारात आली की ती ऐकणाऱ्याची झाली. यांत बरोबर कोण, असे तुम्ही विचारले आहे. हा अल्बम मी बेळगावात पस्तीसहून अधिक वर्षे ऐकत आलो आहे आणि या वादात स्वतःही अनेकदा पडलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कलाकाराने लावलेला क्रम मी साक्षीदाराच्या जबानीसारखा वाचतो. जबानीला मोल असते, कारण तो माणूस त्या वेळी त्या जागी हजर होता आणि आपण नव्हतो. पण निकाल देण्याचे काम त्याचे नसते. शिवाय जबानी वाचताना ती केव्हा दिली, कोणाला दिली आणि देताना त्याच्या मनात काय चालले होते, हेही पाहावे लागते. तुमच्या पहिल्या तटाची चूक मला इथेच दिसते. त्यांनी वाक्याचा अर्धा भाग उचलला. यंगने या अल्बमला सर्वांत वाईट म्हटले हे खरे आहे, पण त्याच बोलण्यात पुढे त्याने असेही सांगितले आहे की त्या काळात माझ्यावर जे गुजरत होते त्याचा दस्तऐवज म्हणून ती फार चांगली रेकॉर्ड आहे. ही दोन्ही वाक्ये एकत्र ठेवली की तो कशाला वाईट म्हणतो आहे, हा प्रश्न उभा राहतो, आणि खरी चर्चा तिथूनच सुरू व्हायला हवी.

त्या काळात काय घडले, ते थोडक्यात पाहू. १९७२ साली 'हार्वेस्ट' आला आणि त्या वर्षी अमेरिकेत सर्वांत जास्त खपलेला अल्बम ठरला. त्यातले 'हार्ट ऑफ गोल्ड' पहिल्या क्रमांकावर गेले. साहजिकच मोठमोठ्या सभागृहांचा दौरा ठरला. दौऱ्याच्या तालमींसाठी यंगने क्रेझी हॉर्स या आपल्या जुन्या साथीदार मंडळीतला गिटारवादक डॅनी व्हिटन याला बोलावले होते. व्हिटन अमली पदार्थांच्या इतका आहारी गेला होता की त्याला गाण्यांत टिकताच येईना. अखेर यंगने त्याला विमानाचे तिकीट आणि पन्नास डॉलर देऊन घरी पाठवले. नोव्हेंबर १९७२ मधली ही गोष्ट, आणि त्याच रात्री व्हिटनचा मृत्यू झाला. ही जबाबदारी आपली, असे यंगला पुढे कित्येक वर्षे वाटत राहिले. त्यानंतर काही आठवड्यांतच दौरा सुरू झाला. तो तीन महिने चालला आणि त्यात साठाहून अधिक कार्यक्रम झाले. वादकांशी पैशांवरून कटकटी झाल्या, ड्रमवादक मध्येच बदलावा लागला, यंगचा घसा बसला, शेवटी शेवटी डेव्हिड क्रॉस्बी आणि ग्रॅहम नॅश या जुन्या सहगायकांना मदतीला यावे लागले. लोक 'हार्वेस्ट' ऐकायला आले होते आणि त्यांच्यापुढे वाजत होती अगदी नवी, कर्कश, कोणी कधी न ऐकलेली गाणी. 'टाइम फेड्स अवे' म्हणजे याच दौऱ्यातल्या ध्वनिमुद्रणांचा अल्बम. त्यातले फक्त 'लव्ह इन माइंड' हे १९७१ च्या एका कार्यक्रमातले आहे.

आता सांगा, ज्या माणसाला ही रेकॉर्ड लावल्याबरोबर ते तीन महिने आठवतात, तो तिला वरची जागा कशी देणार? आपल्याला त्यात फाटलेला, ओढाताण झालेला पण जिवंत आवाज ऐकू येतो. त्याला बहुधा त्या आवाजामागची खोली, माणसे आणि एक रिकामी जागा दिसत असणार. त्याने बरीच वर्षे ही रेकॉर्ड सीडीवर येऊच दिली नाही. 'हार्वेस्ट' घरोघरी पोहोचत असताना ही मात्र जुन्या एलपींवरून उतरवून घेतलेल्या कॅसेटींवर जगली. ती नव्याने एलपीवर यायला २०१४ आणि सीडीवर यायला २०१७ साल उजाडावे लागले.

माझ्याकडे ती आली ती अशीच. कॉलेजच्या दिवसांत आमच्या शेजारच्या खोलीत मडगावचा एक मुलगा राहत असे. त्याचे मामा जहाजावर नोकरीला होते आणि त्यांच्याकडे एलपींचा साठा होता. सुट्टीवरून परत येताना त्याने माझ्यासाठी नव्वद मिनिटांची एक कॅसेट भरून आणली. 'ए' बाजूला 'हार्वेस्ट', 'बी' बाजूला 'टाइम फेड्स अवे', दोन्हींच्या शेवटी काही मिनिटे कोरी, आणि कागदावर पेन्सिलीने लिहिलेली नावे. ती कोरी पट्टी संपेपर्यंत वाट पाहायची, मग 'कट्ट' असा आवाज होऊन बटण वर यायचे आणि आम्ही बाजू बदलायचो. यंगने यांतल्या एकीला डोक्यावर घेतलेले नाही आणि दुसरीला टाकूनच दिले आहे, हे मला कळायला पुढे किती तरी वर्षे जावी लागली. माझ्या लेखी त्या एकाच वस्तूच्या दोन बाजू होत्या. 'ए' बाजू संध्याकाळची आणि 'बी' बाजू रात्री उशिराची, एवढाच काय तो फरक.

बेळगावच्या पावसाळ्यात कॅसेटींचे काय हाल होतात, हे तुम्हाला निपाणीत राहून वेगळे सांगायला नको. एका जुलैमध्ये त्या पट्टीवर बुरशी धरली आणि माझ्या टेपरेकॉर्डरने 'बी' बाजूचे 'डोन्ट बी डिनाइड' गिळले. ते मूळ एलपीच्या दुसऱ्या बाजूचे पहिले गाणे. यंगने त्यात आपले बालपण सांगितले आहे: आईवडिलांची फारकत, विनिपेगला जाणे, शाळेत खाल्लेला मार, आणि मग मित्रांसोबत गिटार. मी स्क्रू काढून कॅसेट उघडली, चुरगळलेला तुकडा ब्लेडने कापला, टोके मागून बारीक चिकटपट्टी लावून जोडली आणि पेन्सिलीने पट्टी परत गुंडाळली. तेव्हापासून त्या गाण्यात दोन-एक सेकंदांचा खड्डा पडला. सूर एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी टेकायचा. २०१७ नंतर मी हे गाणे अखंड ऐकले, तेव्हा ती दोन सेकंदे मला उपरी वाटली. अजूनही वाटतात.

हे सांगण्याचे कारण असे, की माझ्या क्रमवारीत ती बुरशी आहे, ते ब्लेड आहे आणि मडगावच्या त्या मुलाची मैत्री आहे. यंगच्या क्रमवारीत व्हिटन आहे. दोघेही एकाच अल्बमविषयी बोलत आहोत असे वरवर दिसते, पण दोघांनी ऐकलेली गोष्ट वेगळी आहे. म्हणून तुमच्या दुसऱ्या तटाचेही मला पूर्ण पटत नाही. रेकॉर्ड ऐकणाऱ्याची होते हे मान्य, पण म्हणून करणाऱ्याचे बोलणे फेकून द्यावे, हे बरोबर नाही. व्हिटनची हकिकत कळल्यानंतर मी ही रेकॉर्ड पुन्हा ऐकली, तेव्हा शेवटच्या 'लास्ट डान्स'मध्ये यंग जे नकाराचे शब्द पुन:पुन्हा ओरडतो, ते मला पहिल्यांदा नीट ऐकू आले. त्याआधी मी ते नुसते जोरकस गाणे म्हणून ऐकत होतो. त्याच्या नावडीने मला माझ्या आवडीचे कारण दाखवले.

आणखी एक बाब तुमच्या चर्चेत राहून गेली आहे. क्रम लावणारा माणूस तोच असतो का? ग्लेन गूल्ड या कॅनडाच्या पियानोवादकाने १९५५ साली बाख या जर्मन संगीतकाराची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' (एकाच धुनेची अनेक रूपे) ही रचना ध्वनिमुद्रित केली आणि तो एका रात्रीत जगाला ठाऊक झाला. १९८१ साली त्याने तीच रचना पुन्हा वाजवली. पहिल्या वेळी सुमारे ३८ मिनिटे लागली होती, दुसऱ्या वेळी सुमारे ५१ लागली. टिम पेज या समीक्षकाशी बोलताना त्याने सांगितले की जुनी ध्वनिमुद्रिका ज्याने वाजवली, त्या माणसाची वृत्ती आपल्याला ओळखूच येत नाही. पंचविसावे व्हेरिएशन तर त्याला फारच दिखाऊ वाटले. ही दुसरी मुद्रिका बाजारात आली आणि काही दिवसांतच, ऑक्टोबर १९८२ मध्ये, तो वारला. इथे एक प्रौढ माणूस बावीस वर्षांच्या मुलाला गुण देत होता. त्याचे म्हणणे मला मोलाचे वाटते, आणि तरीही मी १९५५ ची मुद्रिका अधिक वेळा लावतो.

आपल्या भागातले उदाहरण घ्या. हुबळीच्या गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या तबकड्या 'गांधारी' या नावाने निघाल्या होत्या आणि त्यांत मराठी गाणीही होती. त्यांतला आवाज बारीक, उंच आणि चपळ आहे. पुढे घशावर उपचार झाले, आवाज खाली आला, रुंद झाला, आणि आपण ज्यांना गंगूबाई म्हणून ओळखतो त्या त्याच भारदस्त आवाजातल्या. शहापुरात आमच्या ओळखीचे एक वयस्कर गृहस्थ होते. ते त्या जुन्या तबकड्या पुढच्या सगळ्या एलपींच्या वर ठेवत असत आणि कोणी काही म्हटले तर शांतपणे पुन्हा तबकडी लावत असत. मी तेव्हा त्यांच्याशी भांडलो होतो. आज वाटते, त्यांना त्या मुलीचा आवाज आवडत होता, आणि त्यांच्यापुरते ते अगदी बरोबर होते. आपण दोघे एकाच नावाच्या दोन गायिकांविषयी बोलत आहोत, हे मात्र त्यांना किंवा मला तेव्हा सुचले नाही.

आणि अल्बम एकट्याचा नसला, तर 'कलाकाराचे मत' ही गोष्टच डळमळते. ओॲसिस या ब्रिटिश रॉक बँडचा 'बी हिअर नाऊ' हा अल्बम ऑगस्ट १९९७ मध्ये आला, तेव्हा ब्रिटनमध्ये तोवर इतक्या वेगाने कोणताच अल्बम खपला नव्हता. गाणी लिहिणारा नोएल गॅलघर पुढे त्याच्यावर इतका नाराज झाला की २००६ च्या 'स्टॉप द क्लॉक्स' या निवडक गाण्यांच्या संग्रहात त्याने त्यातले एकही गाणे घेतले नाही. २०१६ साली तो 'बी हिअर नाऊ'चे मूळ आवाज नव्याने मिसळायला (रीमिक्स करायला) बसला आणि एका गाण्यावरच थांबला. त्याचा भाऊ लियम, ज्याच्या गळ्यातून ही गाणी आली, तो मात्र या अल्बमची बाजू घेत आला आहे. एकाने लांबलेली गाणी आणि गिटारींचे थरावर थर मोजले, दुसऱ्याने आपले गाणे मोजले. तुमचा पहिला तट इथे कोणत्या भावाचे ऐकणार?

तुमच्या शीर्षकात 'उतरंड' हा शब्द आहे आणि तो मला फार आवडला, पण एक लक्षात घ्या. आमच्या आजीच्या घरी, खानापूरकडच्या खेड्यात, कोपऱ्यात मडक्यांची उतरंड असे. सर्वांत वरचे मडके लहान, हाताशी असलेले, रोजच्या वापराचे. सर्वांत खालचे सर्वांत मोठे, आणि ते काढायचे तर वरची सगळी उतरवावी लागत. यंगच्या बाबतीत मला नेमके हेच दिसते. 'हार्ट ऑफ गोल्ड'ने आपल्याला रस्त्याच्या मधोमध आणून सोडले, तिथे कंटाळा आला म्हणून आपण कडेच्या खड्ड्याकडे वळलो, अशा अर्थाचे त्याने स्वतःच १९७७ च्या 'डिकेड' या संग्रहात लिहिले आहे. त्या खड्ड्यातला पहिला अल्बम 'टाइम फेड्स अवे'. मग १९७४ चा 'ऑन द बीच', आणि ज्यात व्हिटनचा शोक उघडपणे आला तो, १९७३ साली मुद्रित होऊन १९७५ मध्ये निघालेला, 'टुनाइट्स द नाइट'. या दोघांना आज जाणकार डोक्यावर घेतात. पण पहिल्याने वाट काढली नसती, तर ते असे झाले असते असे मला वाटत नाही.

तुमच्या गटासाठी एक सूचना करतो, पटली तर पाहा. अल्बमांना एक, दोन, तीन असे आकडे देणे काही दिवस थांबवा. यंगने ज्याला वाईट म्हटले त्या प्रत्येक अल्बमापुढे तो कोणत्या साली म्हणाला आणि त्या वेळी त्याचे नवे काम कोणते चालू होते, एवढे लिहून ठेवा. मग 'हार्वेस्ट' आणि 'टाइम फेड्स अवे' हे दोन्ही एकाच बैठकीत, मध्ये फक्त बाजू बदलण्याइतके थांबून, ऐका. तुमच्या पहिल्या तटाच्या मित्राला 'डोन्ट बी डिनाइड'चे शब्द आधी वाचायला द्या. माझी कॅसेट अजून चालते. तुम्ही कधी बेळगावला आलात तर आपण ती 'बी' बाजूने लावू, आणि तो जोड कुठे येतो हे मी तुम्हाला आधी सांगणार नाही.